शालूतायच्या बूथवर ऐकलेलं

शालूताय,

तुझ्या बाराव्याला मी आले नाही. तुझ्या वहिनीने दोनदा फोन केला होता. "ताय तुझा नाव काढी गो, ये," म्हणाली. मी साडी नेसले, खारेपाटणच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले, तळेऱ्याला जाणाऱ्या दोन गाड्या समोरून जाऊ दिल्या आणि घरी परत आले. अर्ध्या तासाचा तर रस्ता. पण तुझ्या घरात सुमन असणार होती. जिच्यावर मी माझी पहिली कादंबरी लिहिली ती सुमन, आणि त्या कादंबरीमुळे जिचं घर सुटलं तीही सुमनच. तिच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यायचं धाडस मला झालं नाही.

परवा मात्र आले. तिथे काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी थोडं मागचं बोलू दे. सात वर्षं आपण एकमेकींशी धड बोललो नाही, आणि आता बोलायला बसले तर समोर तू नाहीस.

वाचनालयांच्या कार्यक्रमात मला हमखास एक प्रश्न विचारतात. "बाई, तुम्ही रहस्यकथेकडे कशा वळलात?" माझं उत्तर ठरलेलं असतं. लहानपणी वडील पुस्तकं आणून द्यायचे, त्यातून गोडी लागली. लोक माना डोलावतात. ताय, वडिलांनी मला जन्मात एक पुस्तक आणून दिलं नाही. मला लिहायला तू शिकवलंस. तुझं नाव मी एकाही व्यासपीठावर घेतलं नाही, एकाही पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं नाही. तुझं नाव घेतलं की बूथ आला असता, आणि बूथ आला की सुमन.

१९९८ चा वैशाख होता. बी.ए. होऊन मी घरी बसले होते. वडिलांनी तळेऱ्याच्या टायपिंग क्लासला घातलं. क्लास वरच्या मजल्यावर आणि खाली तुझा एसटीडीचा बूथ. आंब्याचे दिवस. देवगडकडून पेट्या भरून येणारे ट्रक नाक्यावर थांबत, आणि ड्रायव्हर घाम पुसत तुझ्या काचेच्या खोलीत शिरत. मी रोज क्लास सुटल्यावर परतीच्या गाडीसाठी उन्हात उभी असायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तू आतून हाक मारलीस.

"गो चेडवा, थंय उनात कित्याक उभी ऱ्हवतंस? भितर येवन बस."

मी आले. तू टेबलाशी बसलेली, कुबडी खिडकीच्या गजाला अडकवलेली, एक पाय लहानपणीच्या पोलिओने वाळलेला. तू मला खालपासून वर बघितलंस आणि म्हणालीस, "पण एक आसा हां. कान घराकडे ठेवन इलंस तर बस."

मला वाटलं, विनोद करतेस. तू विनोद करत नव्हतीस.

काचेची खोली नावालाच बंद होती. आतल्या माणसाला गुदमरायला नको म्हणून तू दाराला लाकडाची चीप लावून ठेवायचीस, आणि मग आतलं सगळं बोलणं आपल्या टेबलापर्यंत यायचं. अर्धं बोलणं. पलीकडे कोण आहे, काय म्हणतं आहे, ते आपल्याला कधीच कळायचं नाही. दुसऱ्या आठवड्यातला तो ट्रकवाला तुला आठवतो का? चट्ट्यापट्ट्यांची बनियन घातलेला. तो बायकोला सांगत होता की मी पुण्यात आहे, माल उतरवतोय. स्टँडवरचा कर्णा "देवगड बोरिवली" असं ओरडायला लागला की तो रिसीव्हरवर तळहात दाबून धरायचा. तो गेल्यावर मी मोठी शहाणी असल्यासारखी म्हणाले, "ताय, हेची दुसरी बाई आसतली हय."

"तेचो ट्रक खंय दिसलो तुका?" तू विचारलंस.

मी बाहेर बघितलं. ट्रक पाच-सहा होते. पण तो त्यातल्या एकाकडेही गेला नव्हता. हॉटेलच्या बाकावर जाऊन बसला होता.

"दोन दिस हयच फिरता. पायात चप्पल, खांद्यार पिशवी. गाडीवाल्याची पिशवी गाडयेत ऱ्हवता गो, खांद्यार नाय. मालकान उतरवल्यान तेका. बायलेक सांगूक लाज वाटता."

तिसऱ्या दिवशी तो माणूस एका बागायतदाराच्या शेडमध्ये पेट्या ठोकताना दिसला. मी धावत येऊन तुला सांगितलं. तुला काहीच नवल वाटलं नाही. तू फक्त विचारलंस, "जेवता खंय तो?"

त्या दिवसापासून मी गाडी चुकवायला लागले. क्लास बाराला सुटायचा, मी चारच्या गाडीने घरी जायची. तू मला माणसं बघायला लावायचीस. 'सगळा बरा आसा' असं एका फोनमध्ये कोण किती वेळा म्हणतं. फोन ठेवल्यावर कोण लगेच बाहेर येतं आणि कोण आतच थोडा वेळ उभं राहतं. आपण दोघी तर्क करायचो. माझे तर्क सगळे खुनाचे आणि लफड्याचे. तुझे आजारपणाचे, कामाचे, लाजेचे. बहुतेक वेळा तूच बरोबर निघायचीस, आणि मला त्याचा राग यायचा.

पहिली कथा मी क्लासच्या मशीनवर टाइप केली. सहा पानं. पहिल्याच ओळीत एक सावकार मरून पडलेला. ती मी तुला वाचून दाखवली. तू ऐकून घेतलंस. मधेच दोन गिऱ्हाइकं आली, त्यांचे फोन होईपर्यंत मी थांबले. संपल्यावर म्हणालीस, "बरी आसा. पण ह्यो मेलो तो माका खंय ओळखीचो? माणूस मारूच्या आधी तेका एकदा जेवताना तरी दाखय. मगे तो मेल्यावर कायतरी वाटात."

मी रुसून गेले. आठ दिवसांनी तीच कथा परत लिहून आणली. त्यात सावकार सकाळी पेज खातो आणि लोणच्याची फोड मांजराला टाकतो. एका दिवाळी अंकाने ती छापली. अंक आला तेव्हा तू तो टेबलाच्या खणात ठेवलास, आणि गिऱ्हाईक थोडं ओळखीचं असलं की काढून दाखवायचीस. "आमच्या कुंदाची गोष्ट आसा ही." माझ्या आईने तो अंक अजून वाचलेला नाही.

आणि आपलं भांडण. ते तेव्हाच सुरू झालं आणि कधी संपलंच नाही. तुझं म्हणणं, काचेच्या खोलीत ऐकलेलं काचेच्या खोलीत राहायला हवं. तर्क करायचा, हसायचं, हळहळायचं, पण बाहेर न्यायचं नाही. "ऐकलेला आपला नसता गो कुंदा." मी म्हणायची, मग मी लिहू काय? माझ्या आयुष्यात टायपिंग क्लास आणि एसटी याशिवाय आहे काय? तू म्हणायचीस, "नाव बदल, गाव बदल, पण माणूस पण बदल मां." मी म्हणायची, माणूस बदलला तर गोष्ट मरते. यावर तू वही ओढून हिशेब लिहायला घ्यायचीस, आणि मला वाटायचं मी जिंकले.

सुमन पहिल्यांदा आली ती २००० च्या सुरुवातीला. तेव्हा तिचं नाव आपल्याला माहीत नव्हतं. मी तिला बुधवारची बाई म्हणायची. दर बुधवारी दुपारी देवगडच्या गाडीतून उतरायची. तिशी-पस्तिशीची, कपाळ रिकामं, गळा रिकामा. खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढायची, देवळात जाताना काढतात तशा. रिसीव्हर पदरात गुंडाळून धरायची. नंबर लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. पलीकडून कोणीतरी फोन उचलायचं, कारण मशीनवरचे आकडे पळायला लागायचे. मिनीट, दीड मिनीट. मग ती रिसीव्हर ठेवायची आणि परतीच्या गाडीला जाऊन उभी राहायची.

मी वेडी झाले होते त्या बाईपायी. देवगडात बूथ काय कमी आहेत? मग ती तासाभराचा प्रवास करून इथे का येते? बोलत का नाही? मी तुला दर बुधवारी एक नवा तर्क सांगायची. आणि तू, जी प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल काही ना काही बोलायचीस, ती या बाईबद्दल गप्प. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणालीस, "ह्या एक सोड."

"कित्याक? तुका म्हायत आसा?"

"सोड म्हटलंय मां."

तुला माहीत होतं. तिने तुला कधीतरी सांगितलं असणार, मी नसताना. ते माहीत असून तू मला सांगत नाहीस, याचाच मला जास्त त्रास झाला. आता जे लिहिते आहे ते मी परवापर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपत आला होता. त्या बुधवारी तू कणकवलीला डॉक्टरकडे गेली होतीस आणि बूथ माझ्यावर सोपवला होतास. ती आली, नेहमीसारखी मुकी उभी राहिली आणि गेली. गाडीत चढताना मी तिला बघितलं. मग मी खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि रीडायलचं बटण दाबलं.

एका पुरुषाने उचललं. मी काहीच बोलले नाही. तोच म्हणाला, "परत कित्याक केलंस गो, सुमन? एकदा तरी बोल. आवशीक कायव सांगूक नाय मां?"

मी फोन ठेवला. माझे कान गरम झाले होते. आपल्याच भागातला माणूस. मुंबईचा नंबर. आईपासून लपलेला. आणि त्याला फोन करणारी बाई विधवेच्या वेषात. देवगडकडची एक बोट बुडून एक खलाशी सापडलाच नव्हता, ही काही वर्षांपूर्वीची बातमीही मला आठवली. तूच मला शिकवलं होतंस कसं बघायचं ते. संध्याकाळपर्यंत मला सगळं कळलं होतं. हा माणूस मेलेला नाही, आणि तो मेलेला नाही हे जगात फक्त त्याच्या बायकोला माहीत आहे.

दीड वर्ष लागलं मला कादंबरी लिहायला. त्यात एक बोट बुडते, चार खलाशी जातात, तिघांची प्रेतं मिळतात. चौथ्याची बायको विधवा म्हणून जगते आणि दर आठवड्याला एका मुक्या फोनवर नवऱ्याचा आवाज ऐकते. नावं बदलली, गावं बदलली. शेवटी एक खून घातला, कारण प्रकाशकाला खून हवा होता. पण बाई तीच ठेवली. बाहेर काढलेल्या चपला ठेवल्या, पदरात गुंडाळलेला रिसीव्हर ठेवला. माणूस बदलला तर गोष्ट मरते, असं मी तुला ऐकवलं होतं ना.

पुस्तक आलं, तुला प्रत दिली. तू दोन दिवसांत वाचलंस. तुझ्या चेहऱ्यावर मी कौतुक शोधत होते. तू पुस्तक खणात ठेवलंस, आणि तो खण नंतर कधी कोणासमोर उघडला नाहीस. "छापूच्या आधी माका दाखवक होया होतंस," एवढंच म्हणालीस.

पुस्तक चांगलं खपलं. वाचनालयांतून हातोहात फिरलं. २००३ मध्ये ते देवगडच्या बाजूला सुमनच्या गावातल्या एका बाईने वाचलं. तिने सुमनला तळेऱ्याच्या गाडीत कितीदा तरी बघितलं होतं, एकदा बूथबाहेर चपला काढतानाही. गंमत म्हणून तिने सुमनच्या जावेला सांगितलं. जावेने नवऱ्याला सांगितलं. तो तुझ्याकडे आला तेव्हा मी तिथेच होते. लांबरुंद माणूस, टेबलावर मूठ टेकवून उभा. कुठला नंबर लावते, सांगा. तू म्हणालीस, "हय दिसाक शंभर माणसा येतत. माझ्या लक्षात नाय." तो गेला, आणि घरी जाऊन त्याने सुमनची पेटी उघडली. तिच्या लग्नातल्या साडीत नंबराची चिठ्ठी होती.

आठ दिवसांत तो मुंबईला भावाच्या दारात उभा होता. त्या भावाचा तिथे दुसरा संसार, दोन मुलं. बोट बुडाली तेव्हा पोहून बाहेर आला होता आणि परत यायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. वर्षभराने फक्त सुमनला कळवलं होतं, कोणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. तिने ती पाळली. बांगड्या फोडलेल्या हातांनी ती सासूला जेवायला वाढत राहिली. आणि बुधवारी, दुसरी बाई कामाला गेलेली असायची त्या वेळी, ती त्याचा आवाज ऐकायची. तिला बाकी काहीच नको होतं.

घरच्यांनी त्याला माफ केलं, ताय. तो चार दिवस गावी येऊन राहिला, त्याच्यासाठी कोंबडा कापला. आई त्याला कुशीत घेऊन रडली. घराबाहेर काढली ती सुमनला. "जित्या झिलाचे पिंड घालूक लावलंस माका," असं सासूने तिला म्हटलं आणि तिच्या हातचं जेवण सोडलं. माहेरी भाऊ म्हणाले, आमच्या दारात हा तमाशा नको. ती पेटी घेऊन देवगडच्या गाडीत बसली आणि तळेऱ्याला उतरली, कारण तिला ठाऊक असलेलं दुसरं दार नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी आले. तू बूथच्या पायरीवर उभी होतीस. तुझ्या बगलेत कुबडी, चेहरा असा की मी तो आधी कधी बघितला नव्हता. मागच्या खोलीत कोणीतरी भांडी घासत होतं.

"खरा सांग," तू हळू आवाजात म्हणालीस. "तुका कसा कळला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. पण मी तेव्हा छापून आलेली लेखिका होते, दुसऱ्या कादंबरीचं पत्र माझ्या पिशवीत होतं.

"कळूक कायच नाय, ताय. मनान रचलंय मी. योगायोग झालो."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. माणूस खरं बोलतो की खोटं, हे ओळखायला जिने मला शिकवलं तिच्यासमोर मी उभी होते आणि मान वर ठेवत होते.

"बरा," तू म्हणालीस. "मगे थोडे दिस हय येव नको. तिका मी बगतंय."

थोडे दिवस म्हणाली होतीस. मी त्याची सात वर्षं केली.

या सात वर्षांत मी नऊ कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीची पहिली प्रत तुला पोस्टाने पाठवली. एकदाही पोच आली नाही. वडील गेले, आई भावाकडे सुरतेला गेली, खारेपाटणच्या घरात मी एकटी राहिले. सकाळी लिहायचं, दुपारी जेवून पडायचं, संध्याकाळी नदीकडे एक फेरी. माझ्या पुस्तकांत माणसं एकमेकांचे गळे धरतात, खिडक्यांतून उड्या मारतात, आणि मी आठ-आठ दिवस कोणाशी चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नाही. लिहिताना एखादं पान जमलं की हात आपोआप थांबायचा. कोणाला वाचून दाखवू, असं व्हायचं. मग मीच मोठ्याने वाचायची, आणि स्वतःच्याच आवाजाची लाज वाटून थांबायची.

२००७ मध्ये तुझा फोन आला. माझा नंबर तुला कोणी दिला कोण जाणे. मी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडे स्टँडवरच्या कर्ण्याचा आवाज ऐकू आला. त्यावरूनच ओळखलं.

"मशीन काढून नेतत उद्या," तू म्हणालीस. "आता सगळ्यांकडे मोबाइल. म्हटलां, बंद होवच्या आधी तुका एक फोन करूया."

तूच बोलत राहिलीस. बूथच्या जागी वहिनी थंड पेयांचा फ्रीज ठेवणार. सुमन शिवणकाम करते, परकर-झबली शिवते, गिऱ्हाईक बरं आहे. आणि मग म्हणालीस, "तुझी पुस्तका वाचलंय मी सगळी. हल्लीच्या पुस्तकातली माणसा खंय जेवतत ता कळना नाय गो."

मी हसले. हसता हसता रडले. तुला ते कळलं असणार.

"कधी येतंस?" तू विचारलंस.

"येतंय, ताय. ह्या म्हयन्यात येतंय."

आले नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षी नाही, पुढच्या तीन वर्षांतही नाही. प्रत्येक वेळी एक पुस्तक संपवायचं राहिलं होतं. ही सबब तुला पटली नसती, आणि मला तरी कुठे पटत होती.

परवा दुपारी आले ती अशी. वहिनी बाजारात गेली होती. दार सुमनने उघडलं. केस पुष्कळ पांढरे झाले आहेत तिचे, डोळ्यांवर चष्मा आहे, गळ्यात शिवणाची टेप. तिने मला लगेच ओळखलं. "कुंदाताई मां? येवा."

तुझा फोटो स्टुलावर ठेवला होता, हार वाळलेला. सुमनने पाणी आणून दिलं. मी ते हातात घेऊन बसले. काय बोलायचं ते मी येताना ठरवलं होतं, पण तिच्यासमोर ती वाक्यं पुस्तकातली वाटायला लागली. म्हणून मी सरळ सांगितलं. त्या बुधवारी तुम्ही गेल्यावर मी परत नंबर लावला होता. त्यांनी तुमचं नाव घेतलं. आईबद्दल विचारलं. त्यावरून मी लिहिलं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

सुमनने चष्मा काढला.

"शालूतायन सांगूक नाय तुमका?"

"नाय. तिना शपथ दिलेल्यासारख्या तोंड बंद ठेवल्यान. मीच चोरलंय."

"पण ती तर म्हणाली..." सुमन थांबली. मग एकेक शब्द सावकाश बोलायला लागली. "मी हय इलंय त्याच दिसा ताय माका म्हणाली, 'माझ्याच तोंडातसून गेला, सुमन. कुंदाक मीच सांगलंय. तिका बोल लावू नको.' मी तिका माझा सगळा सांगलेला होता. भैणीसारख्या. मगे माका किती वायट वाटला असात? पण जातलंय खंय? हयच ऱ्हवलंय. तिच्याच घरात ऱ्हवान दोन वर्सां तिच्याशी बोललंय नाय मी. ती वाढून ठेवी, मी तिच्याकडे पाठ करून जेवंय. कायव बोलली नाय ती कधी. एकदा ती मोरयेत पडली, तेवा हात धरून उठवलंय, थंयसून बोलूक लागलंय."

माझ्या हातातलं पाणी तसंच होतं.

म्हणजे तुला कळलं होतं, ताय. माझं 'मनान रचलंय' तू एक क्षणही खरं मानलं नव्हतंस. खरं मानलं असतंस तर दोष अंगावर घ्यायची गरजच पडली नसती. आता मी किती कारणं शोधते आहे. बूथ तुझा होता, माझ्यावर तूच सोपवला होतास, म्हणून? मी तरुण होते, लोक माझ्या दारात येतील अशी भीती वाटली, म्हणून? की सुमनला निदान एका माणसावर रागावता यावं, आणि ते माणूस जवळचं असावं, म्हणून? तू असतीस तर म्हणाली असतीस, "तर्क नको करू, ह्या एक सोड." पण मला तुझा रागही येतो, खरं सांगते. मला विचारायला हवं होतंस. एकदा कान धरून म्हणायला हवं होतंस, की मला माहीत आहे. मी कोसळले असते, पण तुझ्या घरातली ती दोन वर्षं वाचली असती.

मी सुमनला म्हटलं, "तुमी माका माफ करा असा मी म्हणूचंय नाय."

"मी करूकव नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्याला माप सांगावं तसं तिने सांगितलं. "माझा घर गेला ता गेला. तो माणूस तसोच होतो, आज ना उद्या कळला असता. पण हिच्याशी मी कशी वागलंय..."

तिने वाक्य सोडून दिलं. उठली, माझ्याकडे पाठ करून तुझ्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. वाळलेला हार काढला, काच पदराने पुसली, उगाच पुन्हा पुसली. मी तिथे आहे हे ती विसरली असावी.

"दोन वर्सां," ती तुला म्हणाली. "एकदा तरी सांगूचा मां गो माका."

ती आणखी काहीबाही बोलत होती, हळू, तू ऐकत असल्यासारखी. ते माझ्यासाठी नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला, दार ओढून घेतलं आणि काही ऐकू येणार नाही इतकी लांब जाऊन गाडीची वाट बघत उभी राहिले.